तळ्याकाठी माफीचा अर्ज

अमेरिकेहून परत आलं की लोक पहिल्यांदा विचारतात, नायगारा पाहिला का. आम्ही पाहिला नाही. माझ्या एकेचाळीस दिवसांच्या रजेत नायगारासाठी एकच शनिवार-रविवार राखून ठेवला होता आणि त्या शनिवारी आम्ही एक माफी पाहायला गेलो. एवढं सांगितलं की समोरचा माणूस ‘बरं बरं’ म्हणून हवापाण्याकडे वळतो. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो आहे.

मी रायगड जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. सोप्या भाषेत, जमिनी मोजतो. एकोणतीस वर्षं झाली. मुलगी केतकी हिनं माझंच क्षेत्र उचललं, फक्त चिखलात न उतरता. ती मिशिगन राज्यात ट्रॉय या गावी एका लहानशा कंपनीत कॉम्प्युटरवर नकाशे करते. जावई अमेय मूळचा नागपूरचा, मोटारींच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम पाहतो. मी आणि माझी पत्नी सुलभा सप्टेंबरात त्यांच्याकडे पोचलो.

गुरुवार, ट्रॉय

अमेयचं घर पाव एकरात आहे, म्हणजे दहा गुंठे. दोन घरांच्या मध्ये कुंपण नाही, बांध नाही, तारेचा तुकडासुद्धा नाही. एकाचं गवत कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं हे मला दोन दिवस कळेना. माझं जेवणावर लक्ष लागेना. शेवटी केतकी म्हणाली, की प्रत्येक कोपऱ्यावर जमिनीत लोखंडी सळई पुरलेली असते.

गुरुवारी सकाळी मी मागच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागलो. शेजारचे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी काहीतरी विचारलं, मी हसून मान हलवली. तेही गुडघ्यांवर बसले आणि माझ्याबरोबर चाचपू लागले. असे आम्ही बारा मिनिटं रांगत होतो. मग अमेय धावत आला.

“बाबा, काय करून राहिले तुम्ही? त्यांना वाटलं तुमची अंगठी हरवली!”

सळई शेवटी शेजाऱ्यांनाच सापडली. ते त्या घरात अकरा वर्षं राहत होते आणि आपली हद्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांना खूप आनंद झाला. आमच्याकडे माणसाला हद्द दिसली की पहिली भावना आनंदाची नसते.

रात्री जेवताना केतकीनं शनिवारचा विषय काढला. उत्तरेकडे एका तळ्याकाठचं एक लहान गाव. गावाचं नाव मी देत नाही, कारण केतकीला तिथून पुन्हा काम मिळायला हवं. तिथली नगरपरिषद गोऱ्यांच्या आधीपासून तिथं राहणाऱ्या ओडावा लोकांची जाहीर माफी मागणार होती. त्या कार्यक्रमातला मोठा नकाशा केतकीनं केला होता.

प्रकरण असं होतं. सरकारनं ह्या लोकांशी केलेल्या जुन्या तहात लिहिलं होतं, ‘ओढ्याच्या पूर्वेकडची जमीन या वस्तीची राहील.’ तिथं ओढे दोन. वस्ती दोन्ही ओढ्यांच्या मध्ये. सरकारी मोजणीदारानं पश्चिमेचा ओढा धरण्याऐवजी पूर्वेचा धरला. परिणामी घरं, मेपलची झाडं आणि तळ्याचा काठ, सगळं हद्दीबाहेर गेलं. लोकांना उठवलं. आज तिथं नगरपरिषदेची अकरा एकरांची बाग आहे. चारशे चाळीस गुंठे.

“मोजणीत चूक होते,” मी म्हणालो. “पण मग फेरमोजणी करतात.”

“फेरमोजणीचा अर्ज त्यांच्या तीन पिढ्या करताहेत, बाबा.”

तिनं मला माफीचा मसुदा दाखवला. मी शब्द मोजले. एकशे चौसष्ट. त्यात ‘खेद’ तीनदा होता आणि ‘माफी’ एकदाच, मथळ्यात.

“वकिलानं सगळं सॉफ्ट केलंय,” केतकी म्हणाली. “आधी ‘आम्ही माफी मागतो’ होतं. आता ‘घडलेल्या गोष्टींबद्दल खेद वाटतो’ झालंय.”

“घडलेल्या? घडवल्या कुणी?”

“तेच ना! ते लिहिलं की लायबिलिटी येते म्हणे.”

अमेयनं माहिती पुरवली, की अख्ख्या देशानंही अशी एक माफी मागून झालेली आहे. ती संरक्षणखर्चाच्या कायद्याच्या पोटात घातली आहे, आणि खालीच लिहिलं आहे की हिच्या आधारे सरकारवर कुणाचा दावा चालणार नाही.

“शोधायला गेलं तर सापडते, यार,” तो म्हणाला. “तशी कोणाच्या नजरेत नाही येत.”

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या कार्यालयात ‘दिलगीर आहोत’ असं लिहिलेली पत्रं मी स्वतः किमान दोनशे काढली असतील. ‘माफी’ हा शब्द एकाही पत्रात नव्हता. दिलगिरी कार्यालयाला व्यक्त करता येते. तिला माणूस लागत नाही.

शुक्रवार, चुकीचं तळं

सुलभानं प्रवासासाठी बावीस धपाटे, चौदा दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेतली. अमेय म्हणाला, “आई, वाटेत सगळं मिळते.” ती म्हणाली, “मिळू दे की.” पहिल्या शंभर मैलांत त्यानं एकट्यानं पाच धपाटे खाल्ले.

जसजसं उत्तरेला जावं तसतसं झाडांचे शेंडे लाल होत जातात. सगळं झाड नाही, एखादीच फांदी, जणू कुणी नमुन्यादाखल रंगवून ठेवली आहे आणि मंजुरीची वाट पाहतं आहे.

दोनशे एक्केचाळीस मैलांवर फोननं सांगितलं, की तुम्ही पोचलात. समोर तळं होतं. पण गाव नव्हतं, बाग नव्हती, ओढा एकही नव्हता. एक दुकान होतं. गळाला लावायचे जिवंत किडे तिथं विकत होते. सुलभा चहासाठी दूध पाहायला आत गेली, तिनं फ्रीज उघडला आणि जेवढ्या वेगानं गेली त्याच्या दुप्पट वेगानं बाहेर आली.

“अहो, दुधाच्या बाजूला डब्यात काहीतरी वळवळतंय!”

दुकानदार म्हाताऱ्यानं आमच्याकडे न पाहताच सांगितलं, “तुम्हाला दुसरं तळं हवंय. सगळ्यांना दुसरंच हवं असतं.” त्या भागात एकाच नावाची बरीच तळी आहेत. आमचं अडतीस मैल मागे राहिलं होतं.

केतकी लाल झाली. नकाशे करणारी मुलगी, नकाशा पाहून चुकली. अमेय गाडी वळवताना हसू दाबत होता आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

“एक शब्द बोलू नकोस,” केतकी म्हणाली.

“मी कुठं काय म्हणून राहिलो? ड्राइव्ह करून राहिलो मी.”

मला मात्र त्या जुन्या मोजणीदाराची आठवण झाली. दोन ओढे, दोन तळी. चूक आम्हीही तशीच केली होती. फक्त आम्ही तासाभरात गाडी वळवली, आणि तिथं अजून कुणी वळवली नव्हती.

शनिवार, बरोबर तळं

बाग सुरेख होती. स्वच्छ पाणी, लाकडी धक्का, आणि मधोमध जुने मेपल. मी बुंधे मोजले, सदतीस मोठे भरले. त्यांच्यासमोर चार बोल्टनी ठोकलेला फलक होता, ‘झाडांना छिद्र पाडण्यास मनाई आहे.’ असं करावंसं कुणाला वाटेल, असा प्रश्न मला पडला. उत्तर जेवणाच्या टेबलापाशी मिळालं.

तिथं डोरिस नावाच्या एक वृद्ध बाई सूप वाढण्याची तयारी करत होत्या. पांढरी वेणी, निळं स्वेटर, गुडघ्यांवर पट्टे. त्या ओडावा समाजातल्या ज्येष्ठ होत्या आणि केतकी नकाशासाठी त्यांच्याशी फोनवर अनेकदा बोलली होती. सुलभानं केतकीला दुभाषी करून पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षित होता, “चिकन आहे का ह्यात?”

“दोन पातेली आहेत,” डोरिसबाई म्हणाल्या. “हे बिनमांसाचं. शहरातल्या लोकांसाठी करावं लागतं.”

तळ्यात आपोआप उगवणाऱ्या काळ्या तांदळाचं सूप होतं ते; चाखायला त्यांनी आम्हाला एकेक वाटी दिली. तांदूळ लांबडा आणि जरा धुरकट चवीचा. सुलभानं लगेच आपले धपाटे काढून दिले. डोरिसबाईंनी एक तुकडा सुपात बुडवून खाल्ला, दुसरा न बुडवता खाल्ला आणि उरलेले सहा पातेल्यामागे लपवले. मग त्यांनी आम्हाला मेपलच्या साखरेचे खडे दिले.

“अहो, काकवी आठवते,” सुलभा म्हणाली. “फक्त हिला धूर लागलाय.”

ही साखर कुठल्या झाडांची, असं मी विचारलं. डोरिसबाईंनी पळीनं त्या सदतीस मेपलांकडे दाखवलं.

“ह्यांची नव्हे. ही माझ्या भाच्याच्या रानातली, पन्नास मैलांवरची. माझी आजी ह्या झाडांना भोकं पाडून रस काढायची. मार्च महिन्यात, बर्फ वितळताना. गेली सहा वर्षं मी नगरपरिषदेला पत्र लिहिते, की एक हंगाम मला काढू द्या. एकच.” त्यांनी पळी खाली ठेवली. “मी एकोणऐंशी वर्षांची आहे. आणि हे गुडघे.”

“उत्तर काय येतं?”

“आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.”

हे वाक्य मी कुठल्याही भाषेत ओळखीन. मी पुन्हा मसुदा आठवला. एकशे चौसष्ट शब्दांत झाडांचा उल्लेख नव्हता.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी माझ्या इंग्रजीत म्हणालो, “डोन्ट वरी, मॅडम. टुडे गव्हर्नमेंट इज आस्किंग अपॉलॉजी फ्रॉम यू.”

डोरिसबाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

“कुणाकडून?”

“फ्रॉम यू,” मी जोर देऊन सांगितलं.

“बाबा!” केतकीनं माझी बाही ओढली. “काय बोललात तुम्ही? ह्याचा अर्थ होतो, सरकार म्हणतंय की त्यांनी माफी मागावी!”

तोवर शेजारी उभा असलेला डोरिसबाईंचा भाचा खुर्च्यांच्या रांगांकडे निघाला होता. बातमी किती वेगानं पसरली ते मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण तिसऱ्या मिनिटाला शेवटच्या रांगेतली माणसं उभी राहिली होती. नगराध्यक्ष, टाय लावलेले एक जाडजूड गृहस्थ, घाम पुसत वकिलाकडे पाहत होते. वकील त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहत होते. केतकी पांढरी पडली होती.

“सांगा त्यांना नीट,” सुलभा मला म्हणाली. “तुम्हीच घोळ घातलाय, तुम्हीच निस्तरा.”

मी सांगू लागलो आणि केतकी अडेल तिथं पूर्ण करत होती. आमच्या भाषेत, मी म्हणालो, माफी देतात ती ज्याच्यावर अन्याय झाला तो. ज्यानं केला तो ती फक्त मागतो. पाणी मागावं तशी. पाणी ज्याच्याकडे असतं त्याच्याकडे मागतात ना? तशी माफी ह्या बागेत आत्ता तुमच्याकडे आहे, नगरपरिषदेकडे नाही. म्हणून मी म्हणालो, ते तुमच्याकडे मागताहेत.

डोरिसबाईंनी पळी पुन्हा हातात घेतली.

“म्हणजे मी नाही म्हणू शकते,” त्या म्हणाल्या.

“हो तर. मागणाऱ्यानं तेवढं धरूनच मागायचं असतं.”

“इंग्रजीत तसं नाही. इंग्रजीत ते वाचून दाखवतात, फोटो काढतात, आणि झालं.” मग त्यांना हसू आलं आणि ते थांबेना. “सहा वर्षं मी त्यांच्याकडे मागते आहे. आणि आता ते माझ्याकडे!”

भाच्याला परत बोलावलं, रांगा पुन्हा बसल्या. मधल्या वेळात डोरिसबाईंनी मला विचारलं, मी काय काम करतो.

“मोजणीदार.”

“हं,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे हा शब्द फारसा कुणी प्रेमानं घेत नाही. तुम्ही कधी मागितलीय? माफी?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून खरं ते सांगितलं. एका पाझर तलावासाठी मी एक कातकरी वाडी मोजली होती. सतरा झोपड्या. फीत धरायला माणूस कमी होता म्हणून तिथल्याच एका म्हातारीनं दुसरं टोक धरलं. काम झाल्यावर तिनं विचारलं, “साहेब, आता आम्ही कुठं?” मी म्हणालो, “माझं काम फक्त मोजणीचं.” मोजणी बिनचूक होती. फीतही मी तिच्या हातून नीट गुंडाळून घेतली. माफी मात्र मागितली नाही.

डोरिसबाईंनी माझं सांत्वन केलं नाही. “सूप गार होतंय तुमचं,” एवढंच म्हणाल्या.

कार्यक्रमपत्रिकेत सात बाबी होत्या. चौथी माफी, पाचवी सामूहिक छायाचित्र, सातवी भोजन. नगराध्यक्षांनी एकशे चौसष्ट शब्द एक मिनिट दहा सेकंदांत वाचले. टाळ्या वाजल्या. छायाचित्रकार पुढे आला. आणि डोरिसबाई उठून ध्वनिक्षेपकाकडे चालू लागल्या.

पत्रिकेत त्यांची बाब नव्हती. नगराध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलांनी पत्रिका उलटी करून मागची कोरी बाजू तपासली. बाईंना तिथवर पोचायला गुडघ्यांमुळे वेळ लागला, पण त्यांना थांबवायचं कसं हे तेवढ्या वेळातही कुणाला सुचलं नाही.

“मघाशी मला एका पाहुण्यांनी सांगितलं,” त्या म्हणाल्या, “की माफी मागायची असते. आणि जिच्याकडे मागतात तिनं उत्तर द्यायचं असतं. म्हणून मी उत्तर द्यायला आले आहे.” पुढच्या रांगेत कुणीतरी फोन वर धरला. “माझं उत्तर आहे, आत्ता नाही.”

छायाचित्रकारानं कॅमेरा खाली घेतला.

“मी नाही म्हणत नाही. विचार करते आहे. मार्चमध्ये मी ह्या झाडांखाली असेन. माझ्याबरोबर बादल्या असतील आणि मला ओझं उचलवत नाही. ज्यांना माफी हवी आहे त्यांनी तेव्हा यावं आणि पुन्हा मागावी. तुमच्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.”

पहिल्यांदा भाचा हसला, मग त्यांच्या समाजाच्या सगळ्या रांगा हसल्या, मग गावातल्या लोकांच्या. वकील हसले नाहीत. इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकून बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

“हे मी कसं नोंदवू?”

नगराध्यक्ष कपाळ खाजवत उभे होते. मसुदा त्यांच्या हातात होता, पण त्याचं आता काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

“अर्जदार, नगरपरिषद,” ते शेवटी म्हणाले. “निर्णय, प्रलंबित.”

मी एकोणतीस वर्षांत प्रलंबित प्रकरणांचे गठ्ठे पाहिले आहेत. त्यांत सरकार अर्जदार म्हणून बाहेरच्या बाकावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

छायाचित्र मात्र काढलंच. मग भोजन झालं. बिनमांसाचं पातेलं आधी संपलं, शहरातली माणसं मोजून सहा असतानाही. केतकीला नगराध्यक्षांनी गाठलं तेव्हा मी पुन्हा निस्तरायला पुढे झालो, पण त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की मोठा नकाशा बागेतच ठेवून जाता येईल का. आणि त्यावर ही झाडं दाखवता येतील का.

आम्ही निघालो तेव्हा दुपार उतरणीला लागली होती. नगराध्यक्ष कोट काढून त्या मनाईच्या फलकापाशी पान्ह्याशी झटापट करत होते. वकील शेजारी उभे राहून सांगत होते, की फलक काढायचा तर ठराव लागेल.

“मी काढत नाहीये,” नगराध्यक्ष म्हणाले. “बोल्टना तेल देतोय.”

चारांपैकी तीन बोल्ट तेल द्यायला बाहेर काढून झाले होते. चौथा गंजून बसला होता आणि फलक त्याच्यावर तिरका लोंबत होता. डोरिसबाईंनी तिथंच एक खुर्ची आणवून घेतली होती. मांडीवर धपाट्यांचा डबा ठेवून, अजिबात घाई नसल्यासारख्या त्या समोर बसून पाहत होत्या.